ध्रुववृत्तापलीकडचा नाताळ: छोटा दिवस, राळेचं मलम आणि परतणारा सूर्य

डेल्टावासी | २१ डिसेंबर

आमच्या गावात सूर्य मावळला त्याला आज पंधरा दिवस झाले. आता तो ६ जानेवारीच्या सुमारास उगवेल. तोवर दुपारी चार-पाच तास दक्षिणेकडे निळसर उजेड असतो, बर्फावर जराशी गुलाबी झाक येते, आणि मग पुन्हा रात्र. आज बाहेर उणे ३४ आहे.

गाव म्हणजे इनुविक. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, मॅकेन्झी नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे शेकडो फाट्यांनी पसरते तिथे, ध्रुववृत्ताच्या साधारण २०० किलोमीटर उत्तरेला. वस्ती तीनेक हजार. खालची जमीन बारा महिने गोठलेली, त्यामुळे घरं खांबांवर उभी आणि पाण्याचे नळ जमिनीवरून पेटीसारख्या आवरणातून गेलेले. मी इथे नऊ वर्षं फार्मासिस्ट आहे. मूळची कुडाळजवळची. इथे मूळ रहिवाशांचे मुख्यतः दोन समाज राहतात. जंगलाकडचे ते ग्विचिन, आणि समुद्राकडचे ते इनुवियालुइट, म्हणजे या भागातले इनुइट.

इथल्या नाताळबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. या वर्षी लिहितेच आहे, कारण ज्यांच्याकडून हे शिकले त्या शेजारच्या आजी आता ८४ वर्षांच्या आहेत. ग्विचिन भाषेत आजीला 'जीजू' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते, आता तोंडात बसलंय.

जीजूंच्या भाषेत नाताळला 'द्रिन् त्साल्' म्हणतात. द्रिन् म्हणजे दिवस, त्साल् म्हणजे छोटा. नववर्ष ते 'द्रिन् चू', मोठा दिवस. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. डिसेंबरातल्या अंधारातल्या सणाला कुणी 'छोटा दिवस' म्हणतं, आणि त्यानंतर आठवड्याने 'मोठा दिवस' येतो, म्हणजे आता वाढ सुरू.

जीजू लहान असताना सगळी कुटुंबं हिवाळाभर रानातल्या आपापल्या तळावर असायची. सापळे लावायचे, मासे धरायचे. नाताळच्या आधी कुत्र्यांच्या गाड्या जुंपून सगळे फोर्ट मॅकफर्सन नाहीतर अकलाविकला यायचे आणि नववर्ष उलटेपर्यंत तिथेच राहायचे. वर्षभरात न दिसलेली माणसं तेव्हा भेटायची. लग्नं ठरायची, देणीघेणी मिटायची, आणि प्रत्येकाच्या पायात नवे मोकासिन, म्हणजे कातडी जोडे, असायचे. मूस या मोठ्या हरणाचं कातडं धुरी देऊन कमावतात, त्याचा वास इतका खोल असतो की त्या जोड्या घरात ठेवल्या तर सगळ्या खोलीला येतो. जीजू म्हणतात, नाताळ जवळ आला हे आम्हाला आईच्या सुईवरून कळायचं. रात्र रात्र ती मण्यांची फुलं भरत बसायची.

आता मेजवानी गावाच्या सभागृहात होते. वडीलधाऱ्यांना कुणी रांगेत उभं करत नाही, तरुण मुलं ताटं वाढून त्यांच्या जागेवर नेऊन देतात. टर्की असतेच, पण माणसं ज्याची वाट पाहतात ते वेगळं असतं. कॅरिबू या रानटी रेनडियरचं सूप, सुकवलेला मासा, तव्यावरचा बॅनक हा जाडसर पाव, तळलेले डोनट आणि मकटक. मकटक म्हणजे बेलुगा देवमाशाची कातडी आणि तिच्याखालची चरबी. जुलैत समुद्रावर केलेल्या शिकारीतली ती नाताळसाठी राखून ठेवलेली असते. जेवणं झाली की फिडल, म्हणजे व्हायोलिन, सुरू होतं आणि जिग नाच. हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या स्कॉटिश आणि फ्रेंच नोकरांकडून ग्विचिन लोकांनी दीडेकशे वर्षांपूर्वी फिडल उचललं, आणि आता ते इतकं त्यांचं झालंय की या सुरांना दुसरं कुणाचं म्हणवत नाही.

इथलं कॅथलिक चर्च पांढऱ्या घुमटाचं आहे, इग्लूसारखं. मोरिस लारॉक नावाच्या एका मिशनरी बंधूंनी ते रचलं, वास्तुरचनेचं शिक्षण नसताना. १९६० मध्ये ते उघडलं. आत क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चित्रं आहेत ती मोना थ्रॅशर या इनुवियालुइट चित्रकर्तीने तरुण वयात रंगवलेली. अँग्लिकन ग्विचिन घरांत मात्र जुनं बायबल जपलेलं असतं. रॉबर्ट मॅकडॉनल्ड या मिशनऱ्यांनी ग्विचिन सहकाऱ्यांच्या मदतीने केलेलं ते भाषांतर १८९८ मध्ये पूर्ण छापून आलं. जीजूंच्या आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते बायबल येत होतं.

आता औषधाचं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या टाचांना अशा भेगा पडल्या की मोज्याला रक्त लागायचं. फार्मसीतली सगळी मलमं झाली. जीजूंनी एक डबी दिली, आत मधाच्या रंगाचं घट्ट मलम. स्प्रूसच्या झाडाला जखम झाली की खोडावर राळ साठते, ती काढायची, चरबीत मंद आचेवर विरघळवायची, फडक्यातून गाळायची. कडक, स्वच्छ खडे चघळायला वेगळे ठेवायचे, मऊ राळ मलमाला. चौथ्या रात्री भेगा मिटायला लागल्या. लहानपणी आजी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, तापवून टाचांत भरायची, तोच चटका, तसाच तेलकट रानवास. मी त्या रात्री खूप रडले, हे इथे पहिल्यांदाच सांगतेय.

झाडाकडून राळ घेताना जीजू बुंध्याशी काहीतरी ठेवतात. तंबाखूची चिमूट, चहापत्ती, काही नसलं तर काडेपेटीतली एक काडी. फुकट घ्यायचं नाही.

उत्तर कॅनडात कुठेही राहिलेल्यांनी भर घाला. युकॉन, नुनावुत, लॅब्रॅडॉर, सगळं चालेल.

अबोली_पुणे | २१ डिसेंबर

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. भिरंडेल या शब्दाने तर थेट आजोळी गेले. एक विचारू? मिशनरी येण्याआधी या दिवसांत तिथे काही सण होता का?

पारनाका | २२ डिसेंबर

क्रूसाची वाट इतक्या उत्तरेला! आम्ही वसईचे. आमच्याकडे या आठवड्यात गव्हाणीचं काम चालू असतं. पेंढा, माती, मुलांनी केलेल्या मेंढ्या. तिथल्या चर्चमध्ये गव्हाणी मांडतात का, आणि मांडली तर त्यात मेंढ्या असतात का? तिथल्या मुलांनी मेंढी पाहिलेली नसेल ना?

डेल्टावासी | २२ डिसेंबर

पारनाका, मांडतात, आणि मेंढ्याही असतात, विकतच्या. पण या भागात कोरीवकाम आणि शिवणकाम करणाऱ्या बायका बाळाला पार्का हा टोपीचा जाड कोट घालतात आणि शेजारी कॅरिबू ठेवतात. मुलांना तेच जवळचं वाटतं.

अबोली, हो, होता. पण त्याबद्दल पूर्वेकडच्या इनुइट भागातल्या कुणी लिहिलं तर जास्त चांगलं.

खारवारा | २२ डिसेंबर

मी लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावर नेन या गावात तीन हिवाळे शिकवलं. आता सेंट जॉन्सला असतो. तिथलं लिहितो, कारण ती कथा वेगळीच आहे.

लॅब्रॅडॉरच्या इनुइटांकडे ख्रिस्ती धर्म आला तो मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या जर्मन भाषक मिशनऱ्यांकडून. १७५२ च्या पहिल्या प्रयत्नात त्यांची माणसं मारली गेली. १७७१ मध्ये नेनला ठाणं पडलं, मग १७७६ ला ओकाक, १७८२ ला होपडेल. त्याच्या खुणा आजही बोलण्यात आहेत. तिथल्या इनुइट बोलीत मोजताना जर्मन आकडे येतात, इनुइट उच्चाराचं वळण घेऊन.

या मिशनऱ्यांनी वाद्यं आणली आणि इनुइटांनी ती हातात घेतली. चर्चमध्ये व्हायोलिन, ऑर्गन, आणि बाहेर पितळी वाद्यांचा ताफा. सणाच्या दिवशी उजाडण्याआधी उणे पंचवीसमध्ये ती वाद्यं वाजताना मी ऐकली आहेत. भजनं इनुइट भाषेतली, चाल दोनशे वर्षांपूर्वीची जर्मन, आणि गळा तिथला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी लहान मुलांची प्रार्थना असते. प्रत्येक मुलाला पेटवलेली मेणबत्ती मिळते, सफरचंदात खोचलेली. पूर्वी सफरचंद कुठलं, सलगम असायचा, आणि मेणबत्ती चरबीची. प्रार्थना संपली की मुलं सलगम खायची आणि उरलेली मेणबत्तीसुद्धा. हिवाळ्यात ताजी भाजी म्हणजे काय चीज असेल ते यावरून समजा.

पण मुलं खरी थरथरतात ती ६ जानेवारीला. त्या रात्री नलुजुक येतात. गोठलेल्या समुद्रावरून, अंधारातून, कातड्याचे कपडे आणि मुखवटे घातलेले, हातात काठ्या. नलुजुक म्हणजे 'ज्याला माहीत नाही तो', ज्याच्यापर्यंत धर्म पोचलेला नाही असा. मुलांना गाठून विचारतात, वर्षभर नीट वागलास का? मग गाणं म्हणायला लावतात. गाणं झालं की पोतडीतून भेट. मोठी मुलं मात्र पळतात आणि काठीवाले मागे लागतात. माझ्या वर्गातला एक दांडगा पोरगा त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तासभर बसून होता. कुणी आहे का बाहेर म्हणून मला दर पाच मिनिटांनी खिडकीशी पाठवायचा.

कुडाळी | २२ डिसेंबर

खारवारा, आमच्या शिमग्यातला संकासुर आठवला. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. दारात आला की आम्ही माळ्यावर. आणि आईच आम्हाला हाताला धरून त्याच्यासमोर उभं करायची!

वैद्य_रमा | २३ डिसेंबर

डेल्टावासी ताई, अतिशय मोलाचा विषय. आपल्याकडेही राळेचं मलम शेकडो वर्षं वापरात आहे. तिथल्या अजून वनस्पती सांगाल का? माझं स्पष्ट मत आहे की निसर्गाच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना आजारच नव्हते, आणि त्यांची औषधं संपूर्णपणे निरुपद्रवी असणार. ही सगळी माहिती जगापुढे यायला हवी.

डेल्टावासी | २३ डिसेंबर

रमाताई, वनस्पती सांगते, पण तुमच्या दुसऱ्या वाक्याशी मी सहमत नाही.

लॅब्रॅडॉर चहा घ्या. दलदलीत वाढणारं गुडघ्याएवढं झुडूप, पानांच्या खालच्या बाजूला गंजाच्या रंगाची लव. सर्दी, खोकला, पोट बिघडणं, सगळ्याला त्याचा काढा. वास इतका सुरेख की घरात सण असल्यासारखं वाटतं. पण त्यात लेडॉल नावाचं द्रव्य असतं, जास्त गेलं तर गुंगी येते, उलट्या होतात, त्याहून वाईटही होऊ शकतं. जीजू पानं गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून काढून टाकतात, उकळत ठेवत नाहीत, आणि गर्भार बायकांना देत नाहीत. हे सगळं त्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलेलं नाही. म्हणजे औषध निरुपद्रवी नाही, वापरणारी जाणकार आहे. पान घेऊन जाणकारी मागे ठेवली तर नुकसान होणार.

विलोच्या सालीत सॅलिसिन असतं, अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला माणूस तो काढा पिऊ लागला की मला काळजी वाटते. बर्चच्या झाडावरची चागा बुरशी तर आता जगभर विकली जाते. तिच्यात ऑक्झलेट भरपूर, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी लांबच राहावं. मी काउंटरवर प्रत्येकाला एक प्रश्न विचारते, घरी अजून काय घेता? आधी कुणी सांगायचं नाही. आता सांगतात, कारण मी हसत नाही हे त्यांना कळलंय.

चांगल्या गोष्टी पण तितक्याच खऱ्या. स्प्रूसच्या कोवळ्या टोकांचा चहा, गुलाबाच्या रानफळांचा काढा, दोन्हींत क जीवनसत्त्व. मकटकमध्येही ते असतं, आणि कच्चं खाल्लं तर टिकतं. म्हणून फळ-भाजी नसलेल्या मुलखात इनुइटांना स्कर्व्ही झाला नाही. राळेच्या मलमाबद्दलही सांगते. फिनलंडमध्ये तिथल्या स्प्रूसच्या राळेचं मलम चिघळलेल्या जखमांवर रुग्णांमध्ये तपासलं गेलं आणि उपयोगी आढळलं. जीजूंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, त्यांनाही कळलं.

खारवारा | २३ डिसेंबर

रमाताई, 'आजारच नव्हते' याला एक जोड. बाहेरून आलेल्या रोगापुढे कुठलीही राळ पुरली नाही. १९१८ च्या शरद ऋतूत मिशनचं हार्मनी हे जहाज नेहमीसारखं सामान घेऊन लॅब्रॅडॉरला आलं, आणि त्याबरोबर इन्फ्लुएन्झा. ओकाक गावातल्या २६३ माणसांपैकी २०४ गेली. प्रौढ पुरुष जवळजवळ संपले. गाव पुन्हा उभं राहिलं नाही, घरं जाळावी लागली. त्या वर्षीचा नाताळ त्या किनाऱ्यावर कसा झाला असेल, याचा विचार मी नेनमधल्या तिन्ही नाताळांना केला.

मात्र जखमांबाबत त्यांचं ज्ञान पक्कं होतं. टॅमरॅकच्या झाडाची आतली साल उकळून मऊ करून चिघळलेल्या जखमेवर बांधतात, हे मी स्वतः पाहिलंय.

वैद्य_रमा | २३ डिसेंबर

मान्य. घाईने लिहिलं. लेडॉलबद्दल माहीत नव्हतं, वाचनखूण साठवते.

इकालुइतहून | २५ डिसेंबर

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. मी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला. अबोलीताईंच्या प्रश्नासाठी खातं उघडलं.

इथल्या भाषेत, इनुक्तितुतमध्ये, नाताळला 'कुविआसुक्विक' म्हणतात, आनंद करायची वेळ. मिशनरी येण्याआधीही हिवाळ्याच्या ऐन मध्यावर लोक एका मोठ्या बर्फघरात जमून खेळ, नाच, मेजवानी करायचे. धर्म बदलला तरी जमणं राहिलं. आजही नाताळ ते नववर्ष रोज रात्री सभागृहात खेळ असतात, पहाटेपर्यंत. आजोबा-नातवंडं एकाच रांगेत. जमिनीवर पुठ्ठे पसरून त्यावर गोठलेला कॅरिबू आणि 'आर्क्टिक चार' नावाचा मासा मांडतात, बायका उलू या अर्धचंद्राकार सुरीने कापून देतात.

इग्लुलिक इथून बरंच उत्तरेला. तिथे सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस जातो आणि जानेवारीच्या मध्यावर येतो. प्रत्येक घरात कुल्लिक असायचा. शंखजिऱ्याच्या दगडाचा पसरट दिवा, सीलचं तेल, शेवाळ आणि रानकापसाची वात. तोच उजेड, तीच चूल, त्यावरच ओले कपडे वाळायचे. सूर्य परत दिसला की मुलं घराघरांत जाऊन जुन्या वाती विझवायची आणि मग नव्या ज्योतीने सगळे दिवे पुन्हा लावले जायचे. आणि तिथल्या वडीलधाऱ्यांची एक आठवण मला फार आवडते. पहिला सूर्य पाहून हसायचं, पण अर्ध्याच चेहऱ्याने. एक बाजू येणाऱ्या उबेसाठी हसरी, दुसरी सरळ, कारण थंडी अजून संपलेली नाही. मी आरशासमोर करून पाहिलं, खूप अवघड आहे.

इग्लुलिकला सूर्य येतो त्याच दिवसांत आपली संक्रांत असते. आम्ही इथली चार मराठी घरं तेव्हा तिळगूळ करतो.

अजून एक, लिपीबद्दल. इथल्या दुकानांच्या पाट्या पाहून मला पहिल्याच आठवड्यात वाटलं, ही तर बाराखडी! १८४० मध्ये जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने नॉर्वे हाउसला क्री भाषेसाठी चिन्हं बनवली. तीच पुढे इनुइटांपर्यंत आली. एडमंड पेक या मिशनऱ्यांनी ती या भागात रुजवली, आणि नंतर लोकांनीच ती एकमेकांना शिकवली. अनेक अभ्यासक मानतात की इव्हान्सपुढे इंग्रजी लघुलिपी होती आणि देवनागरीही. व्यंजनाला एक आकार, आणि तो आकार फिरवला की स्वर बदलतो. बाणाचं टोक वर असेल तर पि, उजवीकडे पु, डावीकडे प. स्वर नसलेलं व्यंजन बारीक करून वर लिहितात, आपल्या पाय मोडलेल्या अक्षरासारखं. माझ्या मुलीने शाळेत हे दोन दिवसांत उचललं.

पारनाका | २५ डिसेंबर

बाराखडीचं वाचून अंगावर काटा आला. आजच्या दिवशी याहून छान भेट नाही. आमच्या चर्चच्या युवक मंडळात वाचून दाखवू का?

इकालुइतहून | २५ डिसेंबर

जरूर.

मुळाक्षर | २६ डिसेंबर

सगळं सुंदर आहे, पण एक बोचतंय. याच मिशनांनी ढोल बंद पाडले, मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांत त्यांची भाषा तोडली. मग त्यांनीच आणलेल्या सणाचं इतकं कौतुक का?

डेल्टावासी | २६ डिसेंबर

मुळाक्षर, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि मी लेखात तो टाळला. इथे लिहिते.

जीजू सात वर्षांच्या असताना त्यांना निवासी शाळेत नेलं. कोणत्या ते लिहीत नाही. चार नाताळ त्या घरी आल्या नाहीत, नदी गोठलेली, विमान महाग, आणि पाठवायची कुणाला गरजही वाटली नाही. शाळेत नाताळ व्हायचा. संत्रं मिळायचं. जीजू ते संत्रं उशीखाली ठेवायच्या, धाकट्या भावाला द्यायचं म्हणून. भाऊ त्याच इमारतीत मुलांच्या बाजूला होता, आणि बोलायला बंदी होती. संत्रं सुकून जायचं. २०१५ मध्ये या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल आला तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं, एकदाच.

त्या आजही दर रविवारी चर्चमध्ये जातात. त्यांची मुलगी जात नाही, ती ढोलाच्या गटात आहे. नाताळच्या रात्री दोघी एकाच टेबलावर जेवतात. मी दोघींनाही चूक म्हणू शकत नाही. इतकं मात्र दिसतं की या सणातलं जे लोकांनी धरून ठेवलं ते मिशनने शिकवलेलं फार थोडं आहे. वडीलधाऱ्यांना आधी वाढणं, शिकार वाटून खाणं, लांबून चालत येऊन भेटणं, रात्रभर नाचणं, हे सगळं आधीचंच.

इकालुइतहून | २६ डिसेंबर

यात आजारपणाचीही एक बाजू आहे. १९५० पासून सी. डी. हाउ नावाचं सरकारी जहाज पूर्व आर्क्टिकमध्ये फिरायचं. जहाजावर क्ष-किरण काढायचे, आणि क्षय दिसला तर माणूस तिथूनच दक्षिणेला, बऱ्याचदा घरच्यांचा निरोपही न घेता. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेच्या क्षयरुग्णालयात होता. कित्येक परत आले नाहीत, आणि कुठे पुरलं हेही घरी कळलं नाही. ८ मार्च २०१९ ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी इकालुइतला येऊन माफी मागितली. कबरी शोधायचं काम 'ननिलावुत' या नावाने चालू आहे, म्हणजे 'चला, त्यांना शोधू या'. माझ्या सहकाऱ्याला त्याच्या आजीची कबर अशी सापडली. त्या वर्षी त्यांच्या घरी नाताळला तिच्या नावाचं ताट होतं.

मुळाक्षर | २७ डिसेंबर

दोघांचे आभार. संत्र्याचं वाचून पुढे काही लिहवत नाही.

तळ्याकाठी | २८ डिसेंबर

फिडलवरून आठवलं म्हणून. १८२५ चा हिवाळा जॉन फ्रँकलिन या इंग्रज शोधप्रवाशाने ग्रेट बेअर सरोवराकाठी काढला, आजच्या देलिने गावाच्या जागी. तिथल्या नाताळच्या नाचाचं त्याने वर्णन लिहून ठेवलंय. एका लहानशा दालनात इंग्रज, स्कॉटिश डोंगराळ भागातले, फ्रेंच कॅनेडियन, इनुइट, चिपेवायन, डॉगरिब, हेअर या जमातींची माणसं, क्री बायका आणि मुलं, सगळे एकत्र, आणि गाणी इंग्रजी, गेलिक, फ्रेंच. फ्रँकलिनच्या पुढच्या मोहिमेतून तो किंवा त्याची माणसं, कुणीच परतलं नाही. ती रात्र मात्र चांगली गेली असावी.

दूरदेशी_सातारा | २९ डिसेंबर

माझा सात वर्षांचा मुलगा हा धागा माझ्याकडून वाचून घेतोय. त्याचा प्रश्न: सांताचे रेनडियर तुमच्याच गावात राहतात का?

डेल्टावासी | २९ डिसेंबर

त्याला सांगा, हो, आमच्या जवळच राहतात, आणि ते चालत आलेत! कॅरिबू कमी झाले म्हणून कॅनडा सरकारने अलास्कातून रेनडियर विकत घेतले. १९२९ च्या अखेरीस अँडी बार या सामी (उत्तर युरोपातली रेनडियर पाळणारी जमात) गुराख्याने सुमारे ३,००० जनावरं घेऊन चालायला सुरुवात केली. दोन वर्षांत पोचायचं होतं, लागली पाचहून जास्त. वादळं, लांडगे, मागे पळून जाणारे कळप. मार्च १९३५ मध्ये सुमारे २,४०० पोचले, त्यातले बहुतेक वाटेतच जन्मलेले. त्यांचे वंशज आजही इथे चरतात. वसंतात कळप गोठलेल्या सरोवरावरून जातो तेव्हा सगळं गाव बघायला जातं.

आणि त्याने सांताला पत्र लिहावं. कॅनडा पोस्टने सांताला टपाल संकेतांकही दिलाय. त्यात शून्याला 'ओ' समजून वाचलं की 'हो हो हो' होतं. उत्तर येतं.

खारवारा | ६ जानेवारी

आज नेनमध्ये नलुजुकांची रात्र. माझ्या त्या दांडग्या विद्यार्थ्याचा आत्ता निरोप आला, या वर्षी मुखवट्याच्या आत तो आहे.

डेल्टावासी | ७ जानेवारी

काल दुपारी आम्ही गावाबाहेरच्या चढावर गेलो होतो. इथलं घड्याळ सूर्यापेक्षा दोन तास पुढे, म्हणून मध्यान्ह दुपारी दोनला होते. दोनला पाच कमी असताना टेकड्यांच्या कडेला नारिंगी धार दिसली, नखाएवढी. पंधरा-वीस मिनिटं टिकली असेल. कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. मी अर्ध्या चेहऱ्याने हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, सगळा चेहरा हसला.

जीजू गाडीतच बसून होत्या, खिडकीची काच पुसून पाहत होत्या. संक्रांतीला अजून आठवडा आहे, पण मी तिळाच्या वड्या आदल्या रात्रीच केल्या होत्या. तीळ आणि गूळ गेल्या वर्षी आईने पाठवलेला. त्यांच्या हातावर वडी ठेवली आणि आपण काय म्हणतो ते सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या झुडपाचं बी? मग दाताखाली धरून बराच वेळ चघळत राहिल्या. म्हणाल्या, राळेसारखं चिकटतं. आणि उरलेल्या चार वड्या रुमालात बांधून भावासाठी ठेवल्या.